ठळक अक्षरं बारीक कशी होतात

दादरहून पुण्याला निघालेल्या शिवनेरीत बसल्या बसल्या फोनवर एक मेल उघडली. चुलतभावाने पाठवलेली, मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर तपासून दे म्हणणारी. वाचायला सुरुवात केली आणि बस भाताणच्या बोगद्यात शिरली. रेंजच्या काड्या एकेक करत गेल्या. मेल मात्र समोर होती, ती मी बोगद्यातच वाचून संपवली. रात्री घरी येऊन संगणक लावला. दिवसभरात आलेल्या, न उघडलेल्या सगळ्या मेल यादीत ठळक अक्षरांत आणि चुलतभावाची तेवढी बारीक अक्षरांत. म्हणजे वाचलेली. संगणक सकाळपासून बंद होता, फोन त्याला कधी जोडलेला नव्हता. मग त्याला हे सांगितलं कुणी?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो आणि तीन-चार रात्री त्यातच गेल्या. रोज फुकट मिळणाऱ्या गोष्टीकडे आपण नीट बघतच नाही.

मुळात 'मेल आली' हा आपला शब्दप्रयोगच फसवा. मेल फोनवर येऊन राहत नाही. ती कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या डिस्कवर येऊन पडते आणि तिथेच राहते. फोनवर दिसते ती नक्कल, संगणकावर दिसते ती दुसरी नक्कल. अस्सल प्रत दूर आहे आणि 'वाचली' ही खूणही त्या अस्सल प्रतीवरच केली जाते. बोगद्यात असताना माझ्या फोनने ती खूण स्वतःपाशी टिपून ठेवली. बाहेर पडल्यावर रेंज आली तशी ती सर्व्हरला कळवली आणि रात्री संगणकाने सर्व्हरला विचारलं तेव्हा ती त्याला मिळाली. माझा फोन आणि माझा संगणक एकमेकांशी एक अक्षर बोललेले नाहीत.

सुरुवातीला असं नव्हतं. १९८४ साली मेल आणण्याची जी पद्धत कागदावर आली तिचं नावच पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, म्हणजे पॉप. आणि ती वागायचीही पोस्टासारखीच. तुमचं पत्र पोस्टात पडून आहे, तुम्ही गेलात, घेतलंत, पोस्टाचा संबंध संपला. संगणक सर्व्हरला फोन लावायचा, सगळ्या मेल उतरवून घ्यायचा आणि सहसा तिथल्या पुसून टाकायचा. घरी एकच संगणक असेल तर यात काहीच वावगं नाही. पण सकाळी ऑफिसात मेल उतरवल्या की संध्याकाळी घरच्या संगणकावर डबा रिकामा. पत्र ऑफिसच्या खणात आणि आपण घरी.

स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन नावाच्या माणसाने १९८६ मध्ये हे उलटं केलं. पत्र घरी न्यायचंच कशाला? पोस्टातच राहू दे, तुम्ही दुरून वाचा. या पद्धतीला आज आयमॅप म्हणतात. क्रिस्पिन पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात गेले आणि तिथे तयार झालेल्या 'पाइन' नावाच्या मेल प्रोग्रामच्या पोटात त्यांचंच काम होतं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने भारतात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दाखवणारी स्वस्तातली खाती ज्यांनी घेतली होती, त्यांना हा पाइन आठवत असेल. माउस नाही, चित्र नाही, बाणाच्या कळा दाबत पत्रं वाचायची.

आता हे संभाषण जरा जवळून ऐकू. फोन आधी आपली ओळख पटवतो, मग 'सिलेक्ट इनबॉक्स' म्हणतो. सर्व्हर उत्तरतो, '१७३ एक्झिस्ट्स', म्हणजे डब्यात १७३ पत्रं आहेत. फोन प्रत्येक हुकमाच्या आधी एक टोकन लावतो, ए००१, ए००२ असं; रसवंतीवर देतात तसं, कुठलं उत्तर कुठल्या मागणीचं ते कळावं म्हणून. आणि सर्व्हरच्या ज्या ओळी चांदणीने सुरू होतात, त्या त्याने न विचारता सांगितलेल्या असू शकतात. मी वाचलेल्या मेलची खूण करताना फोन जे पाठवतो ते एका ओळीचं असतं: अमुक क्रमांकाच्या पत्रावर 'सीन' लाव. बस्स. पत्र कितीही मोठं असो, लग्नपत्रिकेसकट असो, खूण करायला एवढीच ओळ पुरते.

त्या क्रमांकाची गंमत वेगळीच. आयमॅपमध्ये डब्यातल्या प्रत्येक पत्राला मिळालेला कायमचा क्रमांक पुन्हा दुसऱ्या पत्राला देत नाहीत. पत्र पुसलं तरी तो क्रमांक त्याच्याबरोबर संपतो. त्यामुळे महिनाभर बंद असलेला फोन उठून म्हणाला, '४२१ च्या पुढचं दे', तरी गोंधळ होत नाही. आणि सर्व्हरवर काही उलथापालथ होऊन क्रमांक नव्याने द्यावे लागलेच, तर डब्याचा एक वेगळा शिक्का बदलतो. शिक्का बदललेला दिसला की फोनने समजायचं, आपली वही आता खोटी, सगळं पहिल्यापासून उतरवून घ्यायचं. नवीन मेल एकही नसताना फोन कधी कधी सगळा इनबॉक्स पुन्हा भरत बसतो, त्याचं एक कारण हे असू शकतं.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र 'पीक' ही. आयमॅपमध्ये साध्या पद्धतीने पत्र मागवलं की सर्व्हर समजतो, वाचलं, आणि खूण करून टाकतो. पण फोनला पत्र आधीच उतरवून ठेवायचं असतं, म्हणजे बोगद्यात मला ते दिसेल. मी तर अजून पाहिलेलंही नाही. म्हणून वेगळा हुकूम आहे: नुसतं डोकावून बघ, खूण करू नकोस. दुसऱ्याचं पाकीट वाफेवर उघडून परत चिकटवावं तसं. तुमचा फोन दिवसभर हेच करत असतो.

आणि मसुदे! एकदा डब्यात पडलेलं पत्र आयमॅपमध्ये बदलता येत नाही. त्यावरच्या खुणा बदलतील, पण मजकुराला हात लागणार नाही. मग अर्धवट लिहिलेल्या मेलचं काय? तुम्ही एक वाक्य वाढवलंत की आख्खा मसुदा नवं पत्र म्हणून डब्यात टाकला जातो आणि जुना पुसला जातो. पुन्हा एक वाक्य, पुन्हा नवं पत्र. टाकणं आणि पुसणं यांच्या मध्येच रेंज गेली तर दोन्ही उरतात. ड्राफ्टमध्ये एकाच मेलची दोन भावंडं पाहून तुम्ही कधी चक्रावला असाल, तर ती अशी जन्मतात. (जीमेलचं स्वतःचं ॲप सर्व्हरशी आयमॅपमध्ये बोलत नाही, त्याची खासगी बोली आहे. पण पत्र एका जागी आणि नकला अनेक, हे तिथेही तसंच.)

आता खरी अवघड गोष्ट: नवीन मेल आल्याचं फोनला लगेच कसं कळतं? सर्वांत बाळबोध उपाय म्हणजे दर पाच मिनिटांनी विचारणं. आलं का? नाही. आलं का? नाही. लहान मूल गाडीत 'पुणं आलं का' विचारतं तसं, आणि त्यात बॅटरीचा जीव जातो. १९९७ मध्ये आयमॅपला 'आयडल' हा हुकूम मिळाला. फोन म्हणतो, मी आता गप्प बसतो, काही झालं तर तूच सांग. तार जोडलेली राहते, दोन्हीकडे शांतता. फक्त एक अट: ३० मिनिटं कुणी काहीच बोललं नाही तर सर्व्हर कंटाळून तार तोडू शकतो. म्हणून नियमात सल्ला दिलेला आहे की दर २९ मिनिटांनी एकदा गप्प बसणं थांबवा आणि पुन्हा गप्प बसा. कुणा इंजिनिअरने हे वाक्य गंभीर चेहऱ्याने लिहिलं असेल, याचं मला फार कौतुक वाटतं.

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हसिंकने हाच खेळ दुसऱ्या रीतीने मांडला. तिथे प्रत्येक फोनपाशी एक 'सिंक की' असते. बँकेतलं पासबुक छापायचं यंत्र आठवा. ते मागच्या वेळी कुठल्या ओळीपर्यंत छापलं ते बघतं आणि त्याच्या पुढच्याच नोंदी उमटवतं. इथेही तसंच. फोन आपली की दाखवतो, सर्व्हर तिथून पुढचे बदल देतो आणि सोबत नवी की देतो. उत्तर वाटेत हरवलं तर फोन जुनीच की घेऊन परत येतो, आणि सर्व्हर ओळखतो, अरे, याला मागचं मिळालंच नाही. तो तेच बदल पुन्हा देतो. शून्य की म्हणजे कोरं पासबुक. मेलच नव्हे, फोनमधले संपर्क आणि कॅलेंडरही याच यंत्रात छापले जातात.

तरी एक अडचण उरते. मेल, बँक, रिक्षा, किराणा अशा प्रत्येक ॲपने आपापली तार धरून ठेवली तर फोन दुपारपर्यंत आडवा होईल. म्हणून ॲपलने २००९ मध्ये आणि पाठोपाठ गुगलने सोसायटीच्या गेटवर एकच वॉचमन बसवला. फोनची एकच तार त्या वॉचमनपाशी. कुठल्याही फ्लॅटचं काही आलं की तो इंटरकॉम वाजवतो: मेलवाले, तुमचं आलंय. मग मेलचं ॲप उठतं आणि खाली जाऊन पार्सल घेऊन येतं.

हे सगळं फुकट कसं? त्याची गोष्ट थोडी पुण्यातून जाते. सबीर भाटिया पुण्याच्या बिशप्स शाळेत शिकले, पुढे अमेरिकेत गेले आणि जॅक स्मिथ यांच्याबरोबर त्यांनी ४ जुलै १९९६ ला हॉटमेल सुरू केलं. त्याआधी मेलचा पत्ता म्हणजे कंपनीचा, कॉलेजचा किंवा इंटरनेट देणाऱ्याचा. नोकरी सुटली की पत्ता सुटला. हॉटमेलने ही दावण सोडली, म्हणून मुहूर्तही अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा. १९९७ च्या अखेरीला मायक्रोसॉफ्टने ते सुमारे ४० कोटी डॉलरना विकत घेतलं. मुंबईच्या रेडिफने आपल्याकडे फुकट मेल दिली आणि इथल्या कितीतरी घरांचा पहिला पत्ता रेडिफमेलचा झाला.

पण त्या काळी फुकटात जागा किती? हॉटमेलवर २ एमबी. आज फोनने काढलेला एक फोटोही त्यात मावेलच असं नाही. एवढ्याशा कोनाड्यात पत्रं पोस्टातच राहू द्या असं क्रिस्पिनसारखं कसं म्हणणार? १ एप्रिल २००४ ला गुगलने १ जीबीची, म्हणजे पाचशेपट जागा देणारी जीमेल जाहीर केली तेव्हा अनेकांना ते एप्रिल फूल वाटलं. जीमेलने ऑक्टोबर २००७ मध्ये आयमॅप फुकट दिलं. पहिला आयफोन त्याच वर्षी जूनमध्ये विक्रीला आला होता. १९८६ ची कल्पना, ती मावेल एवढं कपाट आणि खिशातला पडदा यांची गाठ पडायला एकवीस वर्षं लागली. त्याआधी ब्लॅकबेरीवर मेल टणटण वाजत यायची खरी, पण ती साहेबांची चैन होती, पैसे कंपनी भरायची.

फुकट म्हणजे कुणीतरी भरतंय, हे गुगलनेच दाखवून दिलं. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हसिंकचा परवाना घेऊन गुगलने २००९ मध्ये फुकट खात्यांनाही ती सोय दिली आणि ३० जानेवारी २०१३ पासून नवीन फोन जोडणं फुकट खात्यांसाठी बंद केलं. पैसे देणाऱ्यांची सोय चालू राहिली. माझं मत विचाराल तर फुकट मेल निवडताना जागा किती मिळते ते नंतर बघा. आयमॅप मिळतं का, ते आधी बघा. ते असलं की उद्या ॲप बदला, फोन बदला, सगळी पत्रं बोचकं बांधून दुसऱ्या सेवेकडेही नेता येतात.

आणि एक सांगायचं राहिलं. जी खूण सगळीकडे पोचते, तीत पुसल्याची खूणही असते. माझ्या आत्याने फोन भरला म्हणून जीमेलमधल्या दोनशे मेल पुसल्या, घरच्या संगणकावर आहेतच की, या भरवशावर. संगणक लावला तर तिथेही नव्हत्या. पुसलेली मेल जीमेलच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते. आत्याच्या लक्षात आलं ते सव्विसाव्या दिवशी.