ऐझॉलचा रविवार : कोट-टाय, ढोल आणि मूठभर तांदूळ

रविवार म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आठवडाभराचं झोपेचं कर्ज फेडायचं, अकराला पोहे, दुपारी मटण नाही तर चिकन, आणि संध्याकाळी मॉल. दुकानदारांच्या दृष्टीनं सगळ्यात तेजीचा वार. आता अशा शहराची कल्पना करा, जिथं रविवारी एकही शटर वर जात नाही. चहाची टपरी नाही, पानवाला नाही, भाजीवाली नाही. टॅक्सी दिसलीच तर नशीब. बंदची हाक कुणी दिलेली नाही आणि पोलिसांची गाडीही फिरत नाहीये. अख्खं शहर चर्चला गेलंय, एवढंच!

हे शहर म्हणजे मिझोरामची राजधानी ऐझॉल. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर, डोंगराच्या कण्यावर रचलेलं. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची वस्ती जेमतेम अकरा लाख, आणि त्यातले ८७ टक्के ख्रिस्ती. उत्तर भागात सगळ्यात मोठं चर्च प्रेस्बिटेरियन, दक्षिणेत बाप्टिस्ट. रविवारला मिझो भाषेत म्हणतात 'पथिअन्नी', म्हणजे देवाचा दिवस. हे नुसतं नावापुरतं नाही. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीची मतमोजणी मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड आणि तेलंगणाबरोबर ३ डिसेंबरला व्हायची होती. ३ डिसेंबर रविवारी येत होता. मिझोराममधून एकमुखानं निरोप गेला, त्या दिवशी नको. निवडणूक आयोगानं मिझोरामपुरती तारीख हलवली आणि मतं सोमवारी मोजली गेली. कोण जिंकलं हे कळायला एक दिवस उशीर चालेल, पण चर्च चुकायला नको!

सूट कुठं निघाले?

सकाळी नऊच्या सुमारास घंटा वाजते आणि उताराच्या गल्ल्यांमधून माणसं बाहेर पडायला लागतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, गावात मोठं लग्न आहे. पुरुष सूट-टायमध्ये, बूट चकचकीत. बायका 'पुआन'मध्ये. पुआन म्हणजे हातमागावर विणलेलं, कमरेला लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र. आठवडाभर जीन्स आणि कोरियन फॅशनमध्ये फिरणारी मुलगी रविवारी पुआन नेसल्याशिवाय चर्चची पायरी चढत नाही. काखेत बायबल आणि गाण्यांचं जाडजूड पुस्तक. टू-व्हीलर फारशा निघत नाहीत, कारण चर्च लांब नसतंच. प्रत्येक 'वेंग'ला, म्हणजे मोहल्ल्याला, आपलं स्वतःचं चर्च.

सकाळचा पहिला कार्यक्रम संडे स्कूल. आपल्या डोळ्यांसमोर लगेच रंगीत चित्रं घेऊन बसलेली चिल्लीपिल्ली येतात. ती असतातच, पण इथे वर्ग मोठ्यांचेही भरतात. केस पिकलेले आजोबा, बँकेतले मॅनेजर, शाळेतल्या बाई, सगळे आपापल्या गटात पुस्तक उघडून बसलेले, आणि पुढे परीक्षाही व्हायच्या असतात. मिझो भाषेला रोमन लिपी मिळाली ती १८९४ मध्ये आलेल्या लॉरेन आणि सॅव्हिज या दोन मिशनऱ्यांकडून. त्यानंतर खेड्यापाड्यांत बरेच जण लिहायला-वाचायला शिकले ते याच रविवारच्या वर्गांत. २०११ मध्ये साक्षरता ९१ टक्क्यांवर होती, त्यातला मोठा वाटा या बाकांचा.

डोह, रे, मी

संडे स्कूल संपलं की मुख्य उपासना. आत गेल्यावर पहिलं जाणवतं ते साधेपण. मूर्ती नाहीत, मेणबत्त्यांची रांग नाही, धूप नाही. समोर व्यासपीठ, त्यामागे वडिलांची बाकं, आणि व्यासपीठाच्या खाली दोन ढोल, एक मोठा आणि एक लहान. बऱ्याच चर्चमध्ये पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसतात. कार्यक्रम ठरलेला : गाणं, वाचन, प्रार्थना, पुन्हा गाणं, दानार्पण, संदेश, आशीर्वाद.

पण हे सगळं कागदावर. खरी गंमत पहिल्या गाण्याला सुरू होते. शेजारच्या मुलीनं तिचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि मी चक्रावले. पाच रेघा नाहीत, काळे-पांढरे ठिपके नाहीत. नुसती इंग्रजी अक्षरं, मध्ये उभ्या रेघा आणि विसर्गासारखे ठिपके. ही 'टॉनिक सोल्फा' पद्धत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी ती लोकप्रिय केली. डोह, रे, मी यांची आद्याक्षरं लिहायची, बस्स. आपल्या भातखंडे लिपीची विलायती चुलतबहीणच म्हणा. आणि आपल्या 'सा'सारखाच त्यांचा 'डोह' सरकता, आवाज जिथं लागेल तिथून पकडायचा. पियानो नको, महागडी पुस्तकं नकोत. वेल्समधल्या खाणकामगारांची चर्चेस यावरच गायला शिकली आणि त्यांच्या मिशनऱ्यांनी हीच अक्षरं लुशाई डोंगरात आणली.

परिणाम काय? आपल्या भजनात सगळे एकच चाल गातात. इथं चार चाली एकाच वेळी सुरू असतात, सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. पुढच्या बाकावरचे काका बास गातायत, मागची आजी आल्टो, आणि कुणीही कुणाला खुणावत नाही. शेपाचशे माणसं, रिहर्सल शून्य. आपल्याकडच्या रिअॅलिटी शोमधल्या परीक्षकांना एकदा इथं आणून बसवावं.

बिशप नाही, कमिटी आहे!

'प्रेस्बिटेरियन' हा शब्द जिभेला जड, पण मामला सोपा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'वडीलधारा'. या चर्चमध्ये बिशप नसतो. सभासद आपल्यातूनच वडील निवडून देतात. मिझो भाषेत त्यांना 'उपा' म्हणतात. पाळक आणि उपा मिळून स्थानिक चर्च चालवतात. त्यावर प्रेस्बिटरी आणि तिच्यावर सिनड. म्हणजे थोडक्यात आपली हाउसिंग सोसायटी, फेडरेशन आणि महासंघ. फरक इतकाच, की इथं मीटिंगला लोक येतात. संदेश द्यायलाही दर वेळी पाळकच लागतो असं नाही. कारण एका पाळकाकडे अनेक चर्च असतात. मग एखादा उपा किंवा साधा सभासद उभा राहतो.

हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही. मुंबईचं विल्सन कॉलेज आणि नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं चालतं ते जॉन विल्सन आणि स्टीफन हिस्लॉप हे दोघेही स्कॉटलंडचे, याच पंथाचे. कोल्हापूर-मिरज भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं काम केलं आणि मिरजेचं मिशन हॉस्पिटल त्यातूनच उभं राहिलं. मग महाराष्ट्रात ही पाटी ठळक का दिसत नाही? कारण २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र आले आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं. मिझो आणि खासी प्रेस्बिटेरियन मात्र त्यात गेले नाहीत. त्यांनी आपलं वेगळं घर ठेवलं.

ढोल आत कसा आला

दुसऱ्या की तिसऱ्या गाण्याला पुस्तकं मिटली गेली आणि ढोलावर काठी पडली. धीमी, जड लय. गाणंही बदललं. आता चार आवाज नाहीत, एकच लांबवलेला, हेलकावणारा सूर, डोंगरातल्या जुन्या गाण्यांसारखा. याला 'लेंगखॉम झाई' म्हणतात. संध्याकाळच्या किंवा सणाच्या बैठकीत रंग चढला की लोक जागेवरून उठून ढोलाभोवती संथपणे नाचायला लागतात. सकाळच्या सूट-टायच्या शिस्तीत ते कमी, पण खांदे डोलत होतेच.

हा ढोल, 'खुआंग', चर्चमध्ये सहज आलेला नाही. १८९७ मध्ये वेल्सहून डी. ई. जोन्स आले आणि १८९९ मध्ये पहिल्या दोन मिझोंचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा ढोलाला दारातच थांबवलं होतं. कारण ढोल म्हणजे जुने बळी, जुन्या मेजवान्या आणि 'झू', म्हणजे तांदळाची दारू. देवाच्या घरात हे कशाला? मग १९०६ पासून इथं एकामागून एक धार्मिक जागृतीच्या लाटा आल्या. माणसं रात्र-रात्र गात बसायची. विलायती चालींत ते भरून येणं मावेना. १९१९ च्या लाटेनंतर ढोल आत आला आणि पुढं पाटेआसारख्या मिझो कवींची स्वतःची गाणीही. मिशनऱ्यांची नाराजी होतीच, पण मंडळी आता त्यांची राहिली नव्हती, स्वतःची झाली होती.

आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हेच केलं. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, आणि अभंग, ओवी, कीर्तन घेऊन चर्चमध्ये गेले. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. ऐझॉलमधल्या ढोलाचं वर्षही तेच. देशाच्या दोन टोकांना, एकमेकांची खबर नसताना, माणसांना आपला देव आपल्या सुरात हवा होता.

तांदूळ कुणाचा, बाक कुणाचं?

दानाची पेटी फिरली. इथं पैसे टाकणं हा उपचार नाही. कमाईचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, हे नुकती नोकरी लागलेल्यांनाही पाठ असतं. आपल्याला दहा टक्के म्हटलं की ईएमआय आठवतो! पण मला सगळ्यात भावला तो 'बुहफाई थाम', म्हणजे मूठभर तांदूळ. घरातली बाई प्रत्येक वेळी भात शिजवायला घेताना त्यातली एक मूठ बाजूच्या डब्यात टाकते. नंतर महिला मंडळ घरोघर जाऊन तो तांदूळ गोळा करतं, विकतं आणि पैसे चर्चला जातात. १९१० पासून हे चाललंय. रोख पैसा हातात नसलेल्या बायकांनी काढलेली ही युक्ती, आज लाखांच्या पुढची उलाढाल करते. या आणि इतर दानातून मिझो चर्च आपले मिशनरी भारतभर पाठवतं. इतकंच काय, वेल्समधली चर्चेस ओस पडायला लागल्यावर मिझो पाळक तिकडे कामाला गेले. याला म्हणतात रिव्हर्स आउटसोर्सिंग.

आता टोचणारी गोष्ट. चर्चच्या तिजोरीत बायकांची मूठ आहे, पण त्या रविवारी व्यासपीठामागच्या बाकांवर सगळे पुरुष होते. बायकांना पाळक आणि उपा करावं का, हा वाद इथं कित्येक वर्षांचा. धर्मशास्त्र शिकलेल्या मिझो मुली आहेत, त्यावर लिहिणाऱ्या आहेत, आणि 'अजून वेळ आली नाही' म्हणणारेही आहेत. पाहुण्यानं यावर फार बोलू नये म्हणतात. पण शंभर वर्षं तांदूळ मोजून घेणाऱ्यांना हा हिशेब सुटू नये, हे काही पटत नाही.

तरुणांचं काय? चर्चची युवक संघटना 'के.टी.पी.' १९५४ पासून आहे आणि क्वायरपासून पाहुण्यांच्या चहापर्यंत सगळी धावपळ तीच मुलं करतात. पण वेंग छोटी, चर्च एकच, त्यामुळे कोण आलं नाही ते लगेच कळतं. मला पुस्तक देणारी मुलगी चार वर्षं पुण्यात नोकरी करून परतली होती. पुण्यातली काय मजा होती? तिच्या म्हणण्याप्रमाणे, रविवारी झोपता यायचं आणि कुणी विचारत नसे. आणि त्रास काय होता? तेच. रविवारी कुणीच विचारत नसे. ताप येऊन दोन दिवस ती खोलीत पडून होती आणि शेजारच्या फ्लॅटला पत्ताही नव्हता. इथं एक रविवार दांडी मारली की संध्याकाळी दारात तिघी हजर, डब्यासकट.

दाबही आहे आणि आधारही. दोन्ही एकाच दारातून येतात, त्यामुळे एकाला आत घेऊन दुसऱ्याला बाहेर ठेवता येत नाही. तिनं सध्या दार उघडं ठेवलंय. पुढच्या वर्षी बंगळूरला जायचा विचार मात्र चालू आहे.

परतताना मला नारायण मेघाजी लोखंडे आठवत होते. मुंबईच्या गिरण्यांत सातही दिवस राबणाऱ्या कामगारांसाठी त्यांनी आठवड्याची सुट्टी मागितली, रविवार हा खंडोबाचा वार म्हणून मागितली आणि १० जून १८९० ला ती पदरात पाडून घेतली. आपण ज्या दिवशी लॅपटॉप उघडून 'जस्ट एक मेल' म्हणतो, तो दिवस कुणीतरी भांडून मिळवलेला आहे. ऐझॉलमध्ये रविवारी बॉसचा फोन आला तर काय करता, असं मी विचारलं. तीन-चार जणांनी एकमेकांकडे पाहिलं. बॉसही चर्चमध्येच असतो ना!

जायचं असेल तर…

मिझोरामसाठी इनर लाइन परमिट लागतं. विमानानं गेलात तर लेंगपुई विमानतळावर उतरल्यावरही मिळतं, ओळखपत्र आणि फोटो जवळ ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून रेल्वे ऐझॉलजवळच्या सायरांगपर्यंत पोचली आहे.

टुरिस्ट ज्या पांढऱ्याशुभ्र सॉलोमन्स टेम्पलसमोर फोटो काढतात ते प्रेस्बिटेरियन चर्च नव्हे, तो वेगळा पंथ. जुनं प्रेस्बिटेरियन चर्च बघायचं तर मिशन वेंगला जा.

उपासनेला कुणीही बसू शकतं. शॉर्ट्स आणि चपला मात्र हॉटेलवर. मोबाइल बंद, आणि प्रार्थना चालू असताना फोटो नकोत.

शनिवारी संध्याकाळीच बिस्किटं, फळं आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन ठेवा. रविवारी जेवण मिळण्याचे दोनच मार्ग : हॉटेलचं किचन, किंवा चर्चमध्ये शेजारी बसलेल्या कुणाचं तरी घर. दुसरा मार्ग जास्त चविष्ट आहे.