म्यूरेन : गाडीरस्ता नसलेलं स्कीइंगचं माहेरघर

स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनच्या दरीत दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत आणि त्यांवरून धबधबे कोसळतात. यांतल्या पश्चिमेकडच्या कड्याच्या माथ्यावर, सुमारे १६५० मीटर उंचीवर, म्यूरेन हे जेमतेम चारेकशे वस्तीचं गाव आहे. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावी लागते, तशी इथे ती खाली दरीतच ठेवायची आणि केबल कारने वर जायचं. गावात लाकडी घरं, मोजकी हॉटेलं आणि समोर आयगर, म्योन्श, युंगफ्राउ ही तीन शिखरं. आज जगभर टीव्हीवर दिसणाऱ्या स्की शर्यतींचे नियम एवढ्याशा गावात घडले, हे इथे आल्यावर खरं वाटत नाही.

या कथेचा एक धागा भारतातून जातो. हेन्री लन हे मेथडिस्ट मिशनरी म्हणून भारतात आले होते. त्यांचा मुलगा अरनॉल्ड १८८८ साली मद्रासमध्ये जन्मला. मायदेशी परतल्यावर हेन्री यांनी इंग्रज पर्यटकांना हिवाळ्यात आल्प्समध्ये नेण्याचा व्यवसाय उभारला. म्यूरेनची रेल्वे १८९१ पासून होती, पण ती उन्हाळ्यापुरती. लन यांच्या आग्रहामुळे १९१०च्या हिवाळ्यात ती सुरू राहिली आणि एरवी बर्फात गाडलं जाणारं गाव हिवाळी पाहुण्यांचं झालं. १९१२ मध्ये गावामागच्या आल्मेंडहुबेल टेकडीवर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वेही आली.

तेव्हा स्कीइंगमध्ये शब्द चालायचा नॉर्वेचा. लांब पल्ल्याची दौड आणि स्कीवरून मारलेली उडी म्हणजे खरं स्कीइंग, असं मानलं जाई. स्लॅलममध्ये, म्हणजे वळणं घेत उतरण्याच्या शर्यतीतही, वळणं किती देखणी घेतली याला गुण मिळत. अरनॉल्ड लन यांना हे पटेना. आल्प्सच्या झाडीतून वेगाने उतरताना वळणाचं सौंदर्य कामाला येत नाही, झाड चुकवणं कामाला येतं. म्हणून जानेवारी १९२२ मध्ये त्यांनी म्यूरेनच्या सरावाच्या उतारावर झेंड्यांच्या जोड्या रोवल्या आणि साधा नियम केला: सगळ्या जोड्यांमधून जाऊन जो सर्वांत कमी वेळात खाली पोहोचेल, तो जिंकला. आधुनिक स्लॅलमचा पाया तो हाच. गिर्यारोहणातल्या अपघातामुळे लन यांचा एक पाय आखूड झाला होता, हे लक्षात घेतलं की या माणसाची जिद्द कळते.

१९२४ मध्ये गावात कंदाहार स्की क्लब स्थापन झाला. त्याचं नाव कानपूरला जन्मलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांच्यावरून आलं. उतारावरच्या एका सुरुवातीच्या शर्यतीला त्यांनी करंडक दिला होता. १९२८ मध्ये क्लबच्या १७ जणांनी शिल्टहॉर्न शिखरापासून थेट दरीपर्यंत शर्यत लावली. वर जायला तेव्हा केबल कार नव्हती, सगळे चढून गेले. हॅरल्ड मिचेल १ तास १२ मिनिटांत पहिले आले. तीच ‘इन्फर्नो’ शर्यत आज सुमारे १८५० स्पर्धकांसह भरते, आणि त्यांत बहुसंख्य हौशी असतात. पुढे १९३१ मध्ये अल्पाइन स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धाही म्यूरेनलाच झाली. त्यात स्त्रियांच्या शर्यती पहिल्यापासून होत्या आणि ब्रिटनच्या एस्मे मॅकिनन यांनी त्यांतल्या दोन्ही जिंकल्या.

२९७० मीटरच्या शिल्टहॉर्नवर केबल कार १९६७ मध्ये पोहोचली. दोन वर्षांनी पडद्यावर आलेल्या जेम्स बॉण्डपटाने माथ्यावरचं फिरतं उपाहारगृह जगप्रसिद्ध केलं. तरीही म्यूरेनचं शहर झालं नाही, कारण गाडीरस्ता आला नाही. मोठ्या रिसॉर्टांच्या तुलनेत इथले स्कीचे उतार मोजकेच आहेत. रोज नवा डोंगर हवा असणाऱ्यांनी दुसरीकडे जावं. नवशिक्यांना आणि मुलाबाळांसह येणाऱ्यांना मात्र हेच सोयीचं आहे. भाड्याच्या स्की, शिकवणी, सरावाचा उतार आणि हॉटेल, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. काळजी आहे ती बर्फाची. दरीत पुरेसा बर्फ नसला की इन्फर्नोची शर्यत अलीकडे वरच्या विंटरएगलाच संपवावी लागते.

आपल्याकडचे असंख्य पर्यटक याच दरीतून युंगफ्राउयोखला जातात, फोटो काढतात आणि संध्याकाळी पुढच्या शहराकडे निघतात. हिवाळ्यात जाणार असाल, तर सहलीतलं एक शहर कमी करा. म्यूरेनला दोन-तीन रात्री राहा, प्रशिक्षक घ्या आणि पहिल्या दिवशी पडण्याची लाज बाळगू नका. बर्फ नुसता बघण्यापेक्षा त्यावरून उतरायला शिकणं कितीतरी अधिक आनंदाचं आहे, आणि ते शिकायला लहान गावासारखी जागा नाही.