बोरघाटाचे कंत्राट कोणी पेलले?

पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात, त्या बटाटेवड्यासाठी थांबतात असे प्रवाशांना वाटते. खरे कारण गाडीच्या मागच्या टोकाला असते. तिथे बँकर इंजिने जोडली जातात आणि ती ढकलत असल्याशिवाय गाडी घाट चढत नाही. पळसदरी मागे पडली की जामरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल अशी एकेक केबिन येत जाते आणि सर्वांत तीव्र टप्प्यात सदतीस फूट पुढे गेल्यावर रूळ एक फूट वर चढलेला असतो. मूळ मार्ग पंधरा मैलांहून थोडा लांब, चढ १,८३१ फूट, बोगदे २५ आणि दऱ्यांवरचे मोठे कमानी पूल ८. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी त्याचे उद्घाटन केले. या घाटाची गोष्ट नेहमी अभियंत्यांची गोष्ट म्हणून सांगितली जाते. जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याच्या आखणीला त्यात मोठे स्थान आहे आणि ते रास्तही आहे. पण आखणी पहिल्यापासून शेवटपर्यंत बर्कलीचीच होती, डोंगरही तोच होता आणि हातोडा, पहार, सुरुंगाची दारू हीच साधने होती. तरीही पहिला कंत्राटदार काम अर्धवट टाकून गेला आणि दुसऱ्या कंत्राटात ते पुरे झाले. हा फरक कशामुळे पडला, हे नीट तपासले तर सरकारी पैशावर तांत्रिक उद्योग उभारू पाहणाऱ्या आजच्या माणसालाही त्यातून पुष्कळ शिकता येईल.

आधी पैशाची व्यवस्था समजून घ्यायला हवी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही नावाला खासगी कंपनी होती, तिचे भागधारक लंडनमध्ये बसलेले. तेव्हा हे सरकारी कंत्राट कसे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु १७ ऑगस्ट १८४९ च्या कराराने ईस्ट इंडिया कंपनीने, म्हणजे तेव्हाच्या सरकारने, या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली, जमीन ९९ वर्षांसाठी फुकट दिली आणि त्या बदल्यात मार्ग, आराखडे व खर्च यांवर सरकारी सल्लागार अभियंत्याची मंजुरी बंधनकारक केली. रेल्वे तोट्यात गेली तरी लंडनच्या भागधारकाला पाच टक्के मिळणारच होते, आणि ते भरून देणार होता इथला करदाता. दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी या हमीवर कठोर टीका केली ती याच कारणाने. जोखीम सरकारची, देखरेख सरकारची, फक्त पाटी कंपनीची. अशा कामाला सरकारी कंत्राट न म्हणणे म्हणजे कागदाच्या मथळ्यावर विश्वास ठेवून आतला मजकूर न वाचणे होय.

या व्यवस्थेत उतरणारे कंत्राटदार बहुतांशी परमुलखातून आलेले होते. विल्यम फ्रेडरिक फॅविएल हा इंग्रज, फॅविएल आणि फाउलर या जोडीने मुंबई–ठाणे हा पहिला लोहमार्ग बांधून नाव कमावलेला. जमशेटजी दोराबजी हे पारशी गृहस्थ मुंबईच्या गोदीत सुतारकामाने सुरुवात करून याच रेल्वेचे मोठे कंत्राटदार झाले. इथली पारशी वस्ती जुनी, त्यांना परका म्हणणे योग्य होणार नाही. पण रेल्वेचे तंत्र त्यांनाही नवेच होते. बोरघाटाचे काम फॅविएलला मिळाले आणि जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी गाडी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोचली आणि १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे हा टप्पाही खुला झाला. मधला घाट तेवढा राहिला. प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने, तट्टावर किंवा गाडीने खंडाळ्याला चढत आणि वरून पुन्हा रेल्वे धरत. दोन्ही टोके तयार आणि मधला दुवा बाकी, म्हणून कंत्राटदारावरचा घाईचा दाब प्रचंड होता.

काम वर्षातून जेमतेम आठ महिने चाले, कारण घाटातला पाऊस सुरू झाला की डोंगर माणसाला उभे राहू देत नसे. सरळ कड्यावर सुरुंगाची भोके पाडायला माणसे दोरांनी खाली सोडली जात. या मजुरांपर्यंत पैसा पोचण्याची वाट मात्र घाटाइतकीच वळणावळणाची होती. कंपनीकडून फॅविएलला, त्याच्याकडून युरोपीय पोटकंत्राटदाराला, त्याच्याकडून मुकादमाला आणि मुकादमाकडून टोळीतल्या बायाबापड्यांना. प्रत्येक पायरीवर पैसा अडत होता, थोडा झिरपतही होता. जानेवारी १८५९ मध्ये याचा स्फोट झाला. मजुरी थकलेले हजारो लोक उठले, त्यांनी युरोपीय देखरेखवाल्यांवर हल्ले केले. सरकारी चौकशीत थकलेल्या आणि कमी दिल्या गेलेल्या मजुरीचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. मार्च १८५९ मध्ये फॅविएलने कंत्राट सोडले. डोंगर फोडण्याचे तंत्र त्याला येत नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. तीनेक वर्षे तो तेच करत होता.

कंपनीने मधल्या काळात स्वॅन्सन अ‍ॅडमसन आणि जॉर्ज लुई क्लाउझर या आपल्या दोन अभियंत्यांकडे काम सोपवले. मग सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज कंत्राटदाराशी नवा करार झाला. तो इथे उतरला आणि पंधरवड्याच्या आत मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट परत न करता आपल्या नावावर चालू ठेवले. अलीकडे या बाईची गोष्ट एकटीने डोंगर फोडल्यासारखी रंगवली जाते. मला वाटते, तिने प्रत्यक्षात जे केले ते त्याहून जास्त शहाणपणाचे होते. तिने नवी माणसे विलायतेहून मागवली नाहीत, तर अ‍ॅडमसन आणि क्लाउझर यांनाच व्यवस्थापक नेमले. या दोघांना घाटाची जमीन ठाऊक होती, आणि आधीचे काम कुठे फसले तेही ठाऊक होते. १८६१ मध्ये घाटात ४२,००० माणसे कामावर होती. इतकी माणसे अवघड जागी, कॉलऱ्याची भीती असताना, हंगाम संपेपर्यंत टिकवायची तर पैसा वेळेवर हातात पडावाच लागतो, त्याला दुसरा उपाय नाही. कॉलरा आणि तापाने मात्र हजारोंचा बळी घेतला, आणि यशाचा हिशेब मांडताना ते मृत्यू बाजूला ठेवण्याची मुभा कोणालाही नाही.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. फॅविएलने तीन वर्षे रस्ते पाडले, बोगद्यांची तोंडे उघडली, अवघड सुरुवात त्याने केली, मग श्रेय ट्रेडवेलबाईच्या व्यवस्थेला का द्यायचे? यात तथ्य आहे, आयत्या पायावर उभे राहणे सोपे असतेच. पण फॅविएलचे पुढचे आयुष्य या आक्षेपाचेच उत्तर देते. १८६३ मध्ये त्याच माणसाने सिलोन सरकारकडून कोलंबो–कँडी रेल्वेचे कंत्राट घेतले आणि १८६७ मध्ये तो डोंगरी मार्ग पुरा करून दिला. बोरघाटात हरलेला कंत्राटदार चार वर्षांत तशाच डोंगरात जिंकतो, याचा अर्थ माणूस नालायक नव्हता. त्याची कुवत तीच राहिली, बदलली ती करारात आणि पैशाच्या वाटेत गुंफलेली व्यवस्था. उद्योजकाच्या धाडसाच्या आणि जिद्दीच्या कहाण्या आपण आवडीने वाचतो, पण सरकारी कामात त्या जिद्दीला अंत असतो, आणि तो थकलेल्या बिलाच्या तारखेला येतो.

सरकारने त्या दंग्यातून काय धडा घेतला, ते पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. १८६० चा नववा कायदा, मालक आणि कामगार यांच्यातल्या तंट्यांचा, याच काळातल्या रेल्वेकामांच्या पार्श्वभूमीवर आला. त्यात मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्यापुढे झटपट निकाली काढण्याची सोय होती, पण काम सोडून जाणाऱ्या मजुराला फौजदारी शिक्षेचीही तरतूद होती. पैसे बुडवणाऱ्याला दिवाणी जबाबदारी आणि पैसे न मिळाल्याने निघून जाणाऱ्याला तुरुंग, असा तो न्याय. भागधारकाला पाच टक्क्यांची हमी देणाऱ्या राज्याने मजुराला एका आठवड्याच्या पगाराची हमी दिली नाही. ती हमी यायला शतक उलटावे लागले. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरवले की कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने, मग ते सरकारी खाते असो, ती द्यावी आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. बोरघाटात हे कलम असते तर १८५९ चा जानेवारी वेगळा गेला असता, असे मी खात्रीने म्हणतो.

काही जण म्हणतील की खऱ्या उद्योजकाने सरकारच्या दारी जाऊच नये, आणि दाखला देतील खोपोलीचाच. टाटांच्या जलविद्युत कंपनीने १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवायला सुरुवात केली. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना तेव्हा ते इथल्याच संस्थानिकांनी आणि गुंतवणूकदारांनी दिले. दाखला तेजस्वी आहे. पण तिथेही सरकारी परवाना लागला, लोणावळ्याच्या माथ्यावर तलावांसाठी जमीन संपादावी लागली, आणि मुख्य म्हणजे गिरण्यांनी वीज घेण्याचे करार केले होते. नवे तंत्र घेऊन येणाऱ्याला ठरल्या वेळी पैसे देणारा ग्राहक लागतो. गिरणी असो की सरकार, ती गरज सारखीच राहते.

आज आपल्याकडची मुले अमेरिकेत जाऊन हाच मार्ग धरतात. वॉशिंग्टनलगतच्या व्हर्जिनिया आणि मेरीलँडच्या पट्ट्यात भारतीय वंशाच्या अनेकांनी तिथल्या सरकारी खात्यांना संगणकसेवा पुरवून कंपन्या उभ्या केल्या. त्यांच्या हुशारीचे कौतुक आपल्या वृत्तपत्रांत छापून येते, पण त्यामागच्या दोन व्यवस्थांबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. एक, एट-ए हा कार्यक्रम, ज्यात मागास गटातल्या लहान कंपनीला नऊ वर्षांपर्यंत सरकारी कामांत राखीव वाटा मिळू शकतो. दोन, १९८२ चा तिथला वेळेवर पैसे देण्याचा कायदा, ज्यानुसार सरकारी खात्याने साधारण तीस दिवसांत बिल चुकते केले नाही तर व्याज भरावे लागते. परक्या मुलखात ओळख नसलेल्या, जामीन राहायला नातेवाईक नसलेल्या माणसाला दुसरा कायदा पहिल्याहून मोलाचा आहे. स्थानिक मोठा कंत्राटदार सहा महिने थांबू शकतो, बँक त्याला ओळखते. नवखा थांबू शकत नाही.

आपल्या देशातही नियमांची वाण नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे. केंद्राच्या खात्यांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीचा पाव हिस्सा लहान उद्योगांकडून घ्यावा असा दंडक आहे. नवउद्योगांना पूर्वानुभव, उलाढाल आणि बयाणा रक्कम यांच्या अटींतून सवलत मिळू शकते. २०१६ पासून जेम हे सरकारी खरेदीचे पोर्टल आहे. प्रवेशाचे दार, म्हणजे, आपण बरेच रुंद केले. पैसे बाहेर पडण्याची खिडकी तेवढी अरुंद राहिली. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या कंत्राटदारांच्या संघटना थकीत बिलांसाठी रस्त्यावर आल्या, तेव्हा मागणी नव्या कामांची नव्हती, केलेल्या कामाच्या पैशांची होती. व्याज मागणारा लहान पुरवठादार पुढच्या निविदेच्या वेळी त्याच साहेबासमोर उभा राहणार असतो, म्हणून कायद्याने दिलेले व्याज तो मागतच नाही.

घाईने पैसे दिले तर भ्रष्टाचार होईल, काम न पाहता बिले निघतील, ही भीती खोटी नाही. मोजमाप वहीत न झालेले काम चढवल्याची उदाहरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. परंतु उशिराने भ्रष्टाचार थांबतो, याला पुरावा कुठे आहे? अडलेले बिल हेच टक्केवारीचे सर्वांत सोपे हत्यार असते. मोजमाप कडक असावे, दुसऱ्या अभियंत्याने तपासलेले असावे, आणि एकदा वहीत सही झाली की रनिंग बिलाच्या पैशांना कोणाच्या मर्जीची गरज उरू नये. कठोर तपासणी आणि तत्पर देयक एकमेकांच्या आड येत नाहीत.

बोरघाटाच्या त्याच पट्ट्यात अलीकडे पुन्हा डोंगर पोखरला गेला. पनवेल–कर्जत उपनगरी मार्गावर वावर्ल्याला सुमारे २.६ किलोमीटरचा बोगदा आहे, खोपोलीकडून कुसगावकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गाच्या मिसिंग लिंकमध्ये बोगदे आणि उंच पूल आहेत. यंत्रे बदलली आहेत, पण मूळ कंत्राट, पोटकंत्राट, मजूर पुरवणारा मुकादम ही साखळी आजही ओळखू येते, आणि साखळीच्या टोकाला परप्रांतातून आलेला मजूर आहे. अशा प्रत्येक कामावर सरकार एक फलक लावते. त्यावर कामाचे नाव, कंत्राटदार, रक्कम, मुदत आणि दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. राज्य सरकारने त्यात आणखी दोन ओळींची सक्ती करावी: कंत्राटदाराचे शेवटचे बिल कोणत्या तारखेला चुकते झाले, आणि मजुरांची मजुरी कोणत्या तारखेपर्यंत पोचली. कर्जत आणि खालापूरच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी विधानसभेत मांडावी, आणि वाचकांनी आपापल्या गावातल्या फलकासमोर उभे राहून ती मागावी.