खाऱ्या पाण्याचा सुपीक मुलूख

उत्तरेस सातपुड्याची गाविलगडाकडील रांग आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांनी तोललेले बालाघाटाचे पठार यांच्या दरम्यान जे सखल, सपाट आणि काळ्याभोर मातीचे मैदान पश्चिमेकडे पसरत गेले आहे, त्याला वऱ्हाडात पूर्वापार पायनघाट म्हणतात. आणि या मैदानाची जननी जी पूर्णा नदी, ती बैतूल जिल्ह्यात भैसदेहीजवळ उगम पावून, सातपुडा उतरून, अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत जाऊन अखेर चांगदेव येथे तापीला मिळते. सातपुड्याकडून चंद्रभागा, शहानूर, वाण, तर दक्षिणेकडून काटेपूर्णा, मोर्णा, मन अशा नद्या तिला येऊन मिळतात, आणि डोंगरांची झीज युगानुयुगे याच खोलगट भागात आणून टाकतात. भूगर्भातील हालचालींनी खचलेल्या या द्रोणीत गाळाचे थर शेकडो फूट साचलेले असल्यामुळे, मैदानाच्या मध्यभागी बांधकामाचा दगडदेखील सहजी हाती लागत नाही. देशमुखांच्या गढ्या येथे पांढऱ्या मातीच्या झाल्या, आणि मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर १७५७ साली पुरा झालेला बाळापूरचा किल्लाही विटांनीच उभारला गेला, हे या भूमीशी सुसंगतच म्हटले पाहिजे.

परंतु ज्या गाळाने या मुलखाला सुपीकता दिली, त्यानेच त्याच्या घशाला कोरड पाडली. पूर्णेच्या दोन्ही तीरांना लागून असलेल्या सुमारे पावणेपाच हजार चौरस किलोमीटरांच्या टापूत विहीर खणली की खारे पाणी लागते; म्हणून त्याला खारपाणपट्टा म्हणतात. येथील चिकणमाती इतकी बारीक आहे, की तिच्यातून पाण्याचा निचरा फार मंद होतो. साचलेले पाणी उन्हाने उडून जाते व त्यातील क्षार मागे राहतात, आणि समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या या भूमीच्या पोटात अशा रीतीने मीठ साठत गेले. ते पाणी पिकाला द्यावे, तर जमीन चोपण होऊन कडक बनते. म्हणून विहीर पाण्याने भरलेली असूनही शेत कोरडवाहूच राहते, ही येथील कुणब्याच्या जन्माची व्यथा आहे. पावसाळ्यात मात्र हीच माती ओल धरून ठेवते, आणि त्या मुरलेल्या ओलीवर दर्यापूरकडील हरभरा एकाही पाण्यावाचून हिवाळाभर वाढतो. निसर्गाने एका हाताने काढून घेतलेले थोडेसे तरी दुसऱ्या हाताने परत केले आहे, असे हे पीक पाहताना मला नेहमी वाटते.

पूर्वी या खाऱ्या विहिरींचे पाणी उन्हात आटवून मीठ करीत असत. इंग्रजी अमलात मिठावर सरकारचा मक्ता आल्यावर तो व्यवसाय संपुष्टात आला. पुढे १९३० साली मिठाचा सत्याग्रह देशभर पेटला, तेव्हा समुद्रकिनारा नसलेल्या वऱ्हाडाने अकोल्याजवळचे दहीहंडा हे गाव निवडले आणि तेथील विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला. ज्या पाण्याने पिढ्यान्‌पिढ्या जाच दिला, ते त्या एका प्रसंगी लोकांच्या कामी आले.

राजकीय इतिहासाच्या दृष्टीने हा प्रदेश म्हणजे महसुलाचे मोठे भांडार. त्यामुळे त्यावर प्रत्येकाची नजर. इमादशाही, निजामशाही, आणि १५९६ नंतर मोगल अशी सत्तांतरे झाली. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्यात वसुलाची वाटणी होऊन दुअंमल सुरू झाला, म्हणजे रयत एक आणि कमाविसदार दोघांचे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या मैदानात शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला, पाठोपाठ गाविलगड पडला, आणि देवगावच्या तहान्वये वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. त्यानंतरच्या अर्धशतकात मक्तेदारांनी रयतेला पिळून काढले. शेवटी फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले. इंग्रजांनी येथे मध्य प्रांतातील मालगुजारी न आणता मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी पैमाश केली, ही गोष्ट महत्त्वाची. कारण त्यामुळे खातेदार शेतकरी आपल्या जमिनीचा धनी राहिला.

या धन्याला खरा बरकतीचा काळ दाखवला तो कापसाने. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मिर्झापूरच्या वाटेने कलकत्त्याला जाई, आणि १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैल कापूस पाठविल्याचे सांगितले जाते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, तिकडचा कापूस बंद पडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला. त्याच दशकात मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या ठिकाणांना जोडीत लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, आणि १८७० साली खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो खामगावच्या शाखामार्गाच्या उद्‌घाटनासाठी आला, यावरून त्या गावच्या कापूसबाजाराचे महत्त्व ध्यानी यावे. सरकी काढण्याचे कारखाने निघाले, गावोगाव सावकारांच्या पेढ्या लागल्या, आणि शेतकऱ्याच्या पिकाचा भाव लिव्हरपूलच्या बाजारात ठरू लागला. वऱ्हाडाला सोन्याची कुऱ्हाड म्हणतात खरे. पण ते सोने शेतकऱ्याच्या घरी किती आणि पेढीवर किती राहिले, याचा हिशेब त्या वैभवाच्या वर्णनांत क्वचितच सापडतो.

आज वाण धरणाचे गोडे पाणी ८४ खेडी योजनेच्या नळांतून तेल्हारा-अकोट भागातील अनेक गावांना मिळते, आणि शेततळ्यांत साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर कोठे कोठे ओलिताची पिकेही उभी राहू लागली आहेत. तरीही उन्हाळ्यात नळाला पाणी येण्यास विलंब झाला, की खारपाणपट्ट्यातील अनेक बाया त्याच खाऱ्या विहिरीकडे घागर घेऊन निघतात.