चार अक्षरं, सात आवाज

मित्रांनो, इंग्रजीत ओ, यू, जी आणि एच ही चार अक्षरं ओळीनं आली, की भल्याभल्यांची भंबेरी उडते. वर्गात धडा मोठ्यानं वाचताना 'टफ' अगदी बरोबर वाचणारा मुलगा पुढच्याच ओळीत 'दो'ला 'दफ' म्हणतो आणि सगळा वर्ग खो-खो हसतो. बिचाऱ्याचं चुकलं तरी काय? शेवटची चार अक्षरं दोन्हीकडे तीच तर आहेत!

मग सगळी स्पेलिंगं नुसती घोकायची का? नाही. या शब्दांची आपण घरं पाडू या. कोण कोणत्या घरात राहतो ते कळलं, की निम्मं काम झालं.

पहिलं घर 'अफ'चं. टफ म्हणजे चिवट किंवा कठीण, रफ म्हणजे खडबडीत, इनफ म्हणजे पुरेसं.

दुसरं 'ऑफ'चं. कॉफ म्हणजे खोकला आणि ट्रॉफ म्हणजे गुरांना खायला-प्यायला घालायची लांबट डोणी. आपण सर्रास 'कफ सिरप' म्हणतो, पण इंग्रजी उच्चार 'कॉफ' बरं का! आपला कफ हा संस्कृत शब्द; त्याचं याच्याशी काही नातं नाही.

तिसरं 'ओ'चं. दो म्हणजे जरी, डो म्हणजे मळलेली कणीक.

चौथं 'ऊ'चं. इथे राहतो थ्रू, म्हणजे आरपार.

पाचवं 'आउ'चं. प्लाउ म्हणजे नांगर, बाउ म्हणजे झाडाची मोठी फांदी आणि ड्राउट म्हणजे अवर्षण.

सहावं घर सगळ्यांत मोठं, 'ऑ'चं. इथे शेवटी टी असतो आणि बहुतेक मंडळी भूतकाळातली: थिंकचं थॉट, फाइटचं फॉट, बायचं बॉट, ब्रिंगचं ब्रॉट. शेवटच्या दोघांत गोंधळ होतो ना? मग एवढंच लक्षात ठेवा: ब्रिंगमध्ये आर आहे, म्हणून ब्रॉटमध्येही आर. बायमध्ये नाही, म्हणून बॉटमध्येही नाही.

सातवं घर 'अ'चं. थरा म्हणजे कसून, संपूर्ण. अमेरिकेत याला 'थरो' म्हणतात. थ्रूच्या स्पेलिंगमध्ये टी-एचनंतर फक्त एक ओ घाला, की थरा तयार!

शिवाय एक घुसखोरही आहे. हिकप म्हणजे उचकी. याचं साधं स्पेलिंग शेवटी यू-पी असलेलं. पण उचकी हा खोकल्याचाच प्रकार असावा असं समजून लोकांनी शेवटी 'कॉफ'चं स्पेलिंग जोडलं. उच्चार मात्र 'हिकप'च राहिला!

हा घोळ झाला कसा?

शेकडो वर्षांपूर्वी इंग्रज लोक यांतल्या बहुतेक शब्दांत जी-एचचा उच्चार खरोखरच करत. घसा खाकरताना येतो ना, तसा 'ख'सारखा आवाज. 1066 साली फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढे फ्रेंच वळणाचे लेखनिक हा आवाज जी-एच असा लिहू लागले. 1476 साली विल्यम कॅक्स्टन यानं वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला आणि छापलेली स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली. लोकांच्या जिभेला मात्र कोण बांधून ठेवणार? तो 'ख' काही शब्दांतून गळून पडला, तर काहींत त्याचा 'फ' झाला. आधीचे स्वरही बदलले. बोलणं पुढे गेलं, स्पेलिंग मागेच राहिलं.

याचा पुरावा हवा? जर्मन ही इंग्रजीची चुलत बहीण. तिच्यात थॉटला 'दाख्ट' आणि ब्रॉटला 'ब्राख्ट' अशा धर्तीचे शब्द आहेत. तो 'ख' तिथे अजून ऐकू येतो! अमेरिकेत लोकांनी एक सोपी वाट काढली. तिथे नांगराचं स्पेलिंग सरळ पी-एल-ओ-डब्ल्यू असं करतात.

पण इंग्रजीला हसण्याआधी जरा थांबा. 'चार' आणि 'चारा' मोठ्यानं म्हणून पाहा. 'शंभर वर्षं जग' आणि 'सारं जग' यांतला 'ज' ऐका. अक्षर एकच, आवाज दोन! मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला इथे असाच घाम फुटतो.

तेव्हा आई-बाबांनो, मूल 'दो'ला 'दफ' म्हणालं, तर 'लक्ष कुठं असतं तुझं?' असं ओरडू नका. उलट, त्यानं डोकं चालवलंय. एका शब्दावरून दुसरा ओळखायचा प्रयत्न केलाय! त्याला फक्त शब्दाचं घर दाखवा.

आणि मित्रांनो, आता तुमची परीक्षा. 'अवर्षणात नांगर चालवणं कठीण, म्हणून विचार करून पुरेसं धान्य आणलं.' या वाक्यात आपले सहा इंग्रजी शब्द लपले आहेत. मासिक मिटा, ते शोधा आणि त्यांची स्पेलिंगं वहीत लिहा. सहाही बरोबर आली, तर पुढच्या वेळी वर्गात धडा वाचायला सगळ्यांत आधी हात वर करा!