पत्ता बदलला की मन सावरतं?

कुणी खचलं की आपण विचारतो, ‘घरात काही झालं का?’ तो माणूस राहतो कुठे, हे विचारायचं राहूनच जातं. अमेरिकेनं 1994 ते 1998 दरम्यान राहत्या जागेनं काय फरक पडतो, ते तपासून पाहायला घेतलं. शिकागो, न्यूयॉर्कसह पाच शहरांतल्या सुमारे 4,600 गरीब कुटुंबांसाठी सोडत काढली. एका गटाला घरभाड्याची मदत मिळाली. अट एवढीच की, घर 10 टक्क्यांहून कमी गरिबी असलेल्या भागात घ्यायचं. बहुतेकांना पैशापेक्षा टोळ्या आणि अमली पदार्थांपासून पोरांना लांब न्यायचं होतं.

दहा-पंधरा वर्षांनी पाहिलं तर आयांची कमाई मदत न मिळालेल्यांपेक्षा जास्त नव्हती. मन मात्र हलकं झालं होतं. पोरगं खाली खेळायला गेलं की जीव टांगणीला लागत नाही, हे पगाराच्या चिठ्ठीत कुठे दिसणार? मुलींनाही फायदा झाला. मुलग्यांचं उलटंच घडलं. मदत मिळालेल्या घरांतल्या मुलग्यांत नैराश्य जास्त आढळलं. म्हणजे नवी वस्ती एकाच घरातल्या सगळ्यांना सारखी मानवत नाही.

त्याच्या कितीतरी आधी, 1978 साली, जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. संकट अनेकींवर येतं, मग खचते कोण? लहानपणीच आई गेलेली, पदरी तीन-चार लहान पोरं, हाताला काम नाही आणि मन मोकळं करायला जिवाभावाचं कुणी नाही, अशी. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. घर बदलताना नेमकं ते जिवाभावाचं माणूसच मागे राहण्याची भीती असते.

मग माणसं हलवण्याऐवजी गल्लीच सुधारली तर? फिलाडेल्फियात 541 ओसाड प्लॉट चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले. काहींवरचा राडारोडा काढला, जमीन सपाट केली, गवत आणि थोडी झाडं लावली, भोवती बुटकं लाकडी कुंपण घातलं. तेही मधे जागा सोडून, म्हणजे कुणालाही आत जाता यावं. काही ठिकाणी नुसता कचरा उचलला, उरलेले तसेच ठेवले. 2018 साली आकडे आले: हिरवळ केलेल्या प्लॉटजवळच्या रहिवाशांत ‘उदास वाटतं’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण, काहीच न केलेल्या जागांच्या तुलनेत, सुमारे 41 टक्क्यांनी घटलं. नुसत्या साफसफाईनं तसा ठळक फरक पडला नाही. हे लोकांनी स्वतः सांगितलेलं आहे, डॉक्टरांचं निदान नव्हे, एवढं भान ठेवायला हवं. पण एका प्लॉटचा खर्च होता जेमतेम 1,600 डॉलर, आणि त्यासाठी कुणालाही शेजार सोडावा लागला नाही.