पहिल्या 'सोनिक'ची उसनी कीर्ती

निन्टेंडोच्या मारिओला शह देण्याच्या उघड हेतूने सेगा कंपनीने १९९१ साली 'सोनिक द हेजहॉग' बाजारात आणला, आणि तेव्हापासून त्याच्या वेगाची जी स्तोत्रे गायिली जात आहेत ती ऐकून नवख्याचा असा समज व्हावा की, या निळ्या प्राण्याला धावण्यावाचून दुसरा उद्योगच नाही. परंतु नुकताच हा खेळ पुनश्च अथपासून इतिपर्यंत खेळल्यावर माझे मत असे झाले की, ही कीर्ती बहुतांशी 'ग्रीन हिल' या पहिल्या विभागाच्या पुण्याईवर उभी आहे. तेथील हिरवे उतार आणि मासातो नाकामुरा यांचे प्रसन्न संगीत यांविषयी दुमत नाही. पण लगेच 'मार्बल' विभाग येतो, आणि वेगाचा हा बादशहा दगडी ठोकळा लाव्हारसात ढकलून, त्यावर उभा राहून, पैलतीराची मुकाट्याने वाट पाहू लागतो. 'लॅबिरिंथ'मध्ये तर पाण्याखाली पावले जड, श्वास कोंडलेला, आणि तळातून बुडबुडा कधी उठेल याची प्रतीक्षा! काट्यांचा कायदा त्याहून जुलमी: इजा होऊन सोनेरी कड्या विखुरल्यावर शत्रूंपासून जे क्षणभर अभय मिळते, ते काट्यांना नामंजूर, उसळून दुसऱ्या काट्यांवर पडलात की कारभार आटोपला. जागच्या जागी गिरकी घेऊन सुसाट सुटण्याची युक्तीही १९९२ च्या दुसऱ्या भागात आली. सबब, या मालिकेचा श्रीगणेशा करू इच्छिणाऱ्यांनी तो खुशाल दुसऱ्या भागापासून करावा. पहिल्यातला 'ग्रीन हिल' तेवढा अवश्य खेळावा.